चार पोस्टकार्डांवर उभी गाडी

माझ्याकडे चारचाकी नाही. शाळेत जायला एक जुनी स्कूटर आहे, तेवढी पुरते. तरीही गेल्या हिवाळ्यात दोन महिने मी चाकं, टायर, ब्रेक आणि स्प्रिंग यांवर इतकं वाचलं की स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या बाई मला ‘गॅरेजवाले सर’ म्हणू लागल्या. कारण माझा भाचा. वय सव्वीस, राहायला शारजात, नोकरी दुबईतल्या एका गोदामाच्या ऑफिसात. त्यानं तिथं एक जुनी टोयोटा जीटी 86 घेतली. दोन दारांची, बुटकी, मागच्या सीटवर फार तर दोन दप्तरं मावतील अशी स्पोर्ट्स कार.

आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, चिपळूणला असते. गाडी घेतल्याचं तिनं कसंबसं पचवलं होतं. पण आता तो त्या गाडीवर आणखी आठ हजार दिरहम घालणार होता आणि गाडी जमिनीकडे आणखी खाली बसवणार होता, हे काही तिच्या गळी उतरेना. “चांगली चालती गाडी आहे ना? मग ती खाली कशाला करायची? आपल्याकडे लोक खड्ड्यांपायी उंच गाडी शोधतात. तुझं ऐकतो तो. समजाव त्याला.”

तिच्या सांगण्यामागे नुसती काटकसर नव्हती. एप्रिल 2024 च्या पावसात दुबईचे रस्ते बुडाले तेव्हाचे व्हिडिओ तिनं पाहिले होते, आणि तेव्हापासून मुलगा रस्त्यावर आहे म्हटलं की तिची झोप उडते. शिवाय आमच्या दुल्हेभाईंनी 22 वर्षं सौदीत ट्रेलर चालवला, दम्माम-रियाध मार्गावर. सुखरूप परतले, घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली आणि चार वर्षांत हृदयविकारानं गेले. स्वतःसाठी हौसेनं एखादी वस्तू घेतल्याचं मला तरी आठवत नाही. आपा म्हणते, “त्यांनी बावीस वर्षं स्टिअरिंग धरलं, कधी शौक केला नाही.” भाचा म्हणतो, “अब्बांनी केला नाही म्हणूनच मी करतोय, मामू.” दोघंही खरंच बोलत होते, त्यामुळे समजवायचं नेमकं कुणाला, हा प्रश्न होता. मी म्हटलं, आधी यादी पाठव.

यादी आली. पहिल्या क्रमांकावर 19 इंची काळी मॅगव्हील. दुसऱ्यावर गाडी 40 मिलिमीटर खाली बसवणारे स्प्रिंग. तिसऱ्यावर मोठे ब्रेक, लाल कॅलिपरवाले. शेवटी लिहिलं होतं: उरलेल्या पैशांत टायर.

शौक माझ्या दृष्टीनं गुन्हा नाही. चाळिशीतल्या शिक्षकाला पुस्तकं, अत्तरं, जुन्या गझलांच्या कॅसेटी यांवर खर्च करायची मुभा असेल, तर सव्वीस वर्षांच्या पोराला गाडीवर का नसावी? तो घरी दरमहा पैसे पाठवतो, त्यात खंड पडलेला नाही. मला खटकली ती यादीची चढउतरण. जे डोळ्यांना दिसतं ते वर आणि ज्यावर जीव टांगलेला आहे ते तळाला.

ही गाडी साधारण 1240 किलोची. चालवणारा आणि टाकीतलं पेट्रोल धरून 1320 किलो म्हणू. एका चाकावर सरासरी 330 किलो. टायरमधली हवा 35 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास अडीच किलोचा दाब. भागाकार केला की एका टायरचा जमिनीला टेकणारा भाग येतो सुमारे 135 चौरस सेंटिमीटर. हिशेब ढोबळ आहे, कारण रबराचा स्वतःचा ताठपणाही असतो. पण आपलं टपाल खात्याचं पोस्टकार्ड 14 बाय 9 सेंटिमीटरचं, 126 चौरस सेंटिमीटर. म्हणजे सगळी गाडी उभी असते चार पोस्टकार्डांवर. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, वळणावरचा तोल, हे सगळं रस्त्यापर्यंत पोचतं ते या चार कागदांएवढ्या रबरातून. रुंद टायर लावला म्हणून हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. पोस्टकार्ड फक्त आडवं होतं, रुंदीला जास्त आणि लांबीला कमी.

म्हणून मी त्याला पहिलं काम सांगितलं ते फुकटातलं. खाली वाक, चारही टायरच्या कडेवरचे आकडे वाच आणि फोटो पाठव. टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. 4418 म्हणजे 2018 चा चव्वेचाळिसावा आठवडा. दुल्हेभाई सुट्टीवर आले की पाहुण्यांच्या जीपचाही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे आणि हे आकडे मोठ्यानं वाचायचे. आम्हाला तेव्हा हसू यायचं. आखाताच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर न चालताही म्हातारं होतं, हे त्यांना तिथल्या रस्त्यानं शिकवलेलं.

फोटो आले. पुढचे दोन टायर 2021 चे, एका कंपनीचे. मागचे दोन 2018 चे, दुसऱ्याच कंपनीचे. नक्षी अजून खोल होती, पण कडेला केसाएवढ्या भेगा दिसत होत्या. ही गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाणारी आहे. तिचे मागचे टायर कडक झालेले आणि पुढचे नवे असले, की ओल्या वळणावर पुढचं टोक रस्ता धरतं आणि मागचं सोडतं. गाडी स्वतःभोवती फिरते. मी त्याला एवढंच लिहिलं, “चाकांचा रंग नंतर ठरवू.”

जीटी 86 ची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण तिच्या टायरमागे एक विचार होता. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून बनवलेली ही गाडी 2012 मध्ये बाजारात आली. टोयोटाचे मुख्य अभियंता होते तेत्सुया तादा. दोन लिटरचं इंजिन, पिस्टन उभे नसून आडवे झोपलेले, त्यामुळे वजन जमिनीजवळ. आणि इतकं करून टायर दिले 215/45 आर 17 मापाचे मिशेलिन प्रायमसी. प्रियससारख्या पेट्रोल वाचवणाऱ्या घरगुती गाडीलाही ज्या प्रकारचे मिळत, तसेच. हे कंजूषपणानं केलं नव्हतं. पकड मुद्दाम मर्यादित ठेवली, म्हणजे चालवणाऱ्याला गाडीचा तोल कमी वेगातही हाताला कळावा. आपल्या सवयीपेक्षा उलटा विचार आहे. आपण आधी जास्तीत जास्त घेतो आणि मग ते कुठं वापरायचं ते शोधतो.

भाच्याला हे आवडलं, पण त्याचं म्हणणं होतं की रोज शेख झायेद रोडवर ताशी शंभरनं जाणाऱ्याला तोलाच्या अनुभूतीपेक्षा पकड हवी. बरोबर आहे. तेव्हा टायर चांगल्या पकडीचे, उन्हाळी रबराचे, पण ओल्या रस्त्यावरही ज्यांची परीक्षा झाली आहे असे घ्यायचे ठरले. कडेवर तापमानाची श्रेणी ए, बी किंवा सी अशी छापलेली असते, ती ए हवी. वेगाचं अक्षर पाहायचं: एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत, व्ही 240, डब्ल्यू 270. त्याला इतका वेग कधी लागू नये. पण मोठ्या अक्षराचा टायर वेगातली उष्णता जास्त सहन करतो, आणि तिथं उष्णता फुकट मिळते. हवा मात्र थंड टायरमध्येच मोजायची. दर दहा अंश सेल्सिअसला दाब दीड-पावणेदोन पीएसआयनं चढतो, हे बाईंनी मला फळ्यावर करून दाखवलं. दुपारी तापलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो म्हणून हवा काढून टाकली, की सकाळी टायर उपाशी.

चाकांबद्दल लिहिताना माझ्यातला भाषेचा मास्तर जागा होतो, थोडं सहन करा. आपल्या बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, आरे असतात आणि बाहेरून लोखंडी पट्टी असते, तिचं नाव धाव. लोहार ती आगीत तापवून फुगवतो, लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. धाव आक्रसते आणि सगळे सांधे आवळून धरते. रस्त्याला भिडणाऱ्या भागाचं नावच ‘धाव’ ठेवणाऱ्यांना, चालणं कुठून सुरू होतं ते माहीत असणार. मूळ इंग्रजी ‘टायर’ हाही आधी त्या लोखंडी पट्टीचाच शब्द होता, रबर नंतर आलं.

तर 19 इंची चाकं. चाक मोठं केलं आणि एकूण उंची तेवढीच ठेवायची असली, तर रबराची भिंत बारीक करावी लागते. मूळ टायरची भिंत 215 च्या 45 टक्के, जवळपास 97 मिलिमीटर. त्याच्या मनातल्या 225/35 आर 19 ची भिंत 79 मिलिमीटर. ही भिंत म्हणजे पहिला शॉकअप असतो. ती कमी झाली की खड्ड्याचा मार थेट मॅगव्हीलच्या कडेला बसतो. वर 19 इंची चाक बहुधा जड असतं, आणि चाकाचं वजन हे डिकीतल्या पोत्यासारखं नसतं. ते स्प्रिंगच्या खाली असतं, प्रत्येक उंचवट्यावर वर उडतं, आणि त्याला परत रस्त्यावर दाबणं स्प्रिंग-शॉकअपला जड जातं. शिवाय फिरतं वजन पळवायलाही जास्त जोर लागतो आणि थांबवायलाही.

इथं त्याचा शौक मोडायचा नाही, हे मी ठरवलं होतं. आम्ही 17 इंचातच नवं चाक शोधलं, 8 इंच रुंद. मूळचं 7 इंच रुंद, ऑफसेट 48. नवं 8 इंची, ऑफसेट 45. हिशेब असा: रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर. ऑफसेट 3 नं घटला, म्हणजे सगळं चाक 3 मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड 15.7 मिलिमीटर बाहेर, आतली कड 9.7 मिलिमीटर आत. एवढी जागा या गाडीत आहे. पाच बोल्टांचं वर्तुळ 100 मिलिमीटरचं, ते जुळायलाच हवं. मधलं भोक हबच्या 56.1 मिलिमीटरला बसायला हवं, मोठं असेल तर मधे कडं घालायचं, नाहीतर गाडी वेगात थरथरते. आणि चाकावर जपानी ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ हे शिक्के आहेत का ते पाहायचं. नामांकित चाकाची हुबेहूब नक्कल स्वस्तात मिळते, नक्षी तीच असते, धातूची खात्री नसते. टायर 225/45 आर 17. मूळ टायरपेक्षा उंची 9 मिलिमीटरनं, म्हणजे दीड टक्क्याच्या आत, जास्त.

ब्रेकच्या बाबतीत भाचा सगळ्यात जास्त हटून बसला. लाल कॅलिपर चाकाच्या आऱ्यांतून दिसतात ना! मी त्याला विचारलं, आत्ता ब्रेक जोरात दाबलास तर एबीएस लागतं का? म्हणाला, लागतं. मग ब्रेक टायरला त्याच्या पकडीच्या टोकापर्यंत नेऊ शकतोय, टायरच पुरे पडत नाहीये. एकदाच थांबायचं असेल तर मोठा ब्रेक अंतर फारसं कमी करत नाही, चांगला टायर करतो. मोठा ब्रेक कामाला येतो तो पुन्हा पुन्हा थांबताना, उष्णता सांभाळायला.

ताशी 100 किलोमीटरनं चाललेली 1320 किलोची गाडी थांबवली की सुमारे 510 किलोज्यूल ऊर्जा जाते. एवढ्या ऊर्जेत सोळाशे मिलिलिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळतं. एका ब्रेकमध्ये मोठं पातेलंभर चहाचं आधण! आता तीच गाडी डोंगरावरून हजार मीटर खाली आणा. वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार येतो जवळपास 13 मेगाज्यूल, म्हणजे शंभरच्या वेगातून पंचवीस वेळा थांबण्याइतका. काही वाटा वारा उचलतो, उरलेला ब्रेकनं उचलायचा की इंजिननं, हे चालवणाऱ्याच्या हातात. भाचा आणि त्याचे मित्र सुट्टीत रास अल खैमाच्या जबल जैसवर जातात, म्हणून हा हिशेब मी त्याला करायला लावला. कुंभार्ली घाट उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला हे गणित करावं लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा त्यांचा तजुर्बा. दुल्हेभाईंचाही तोच होता.

घाटात ब्रेक दगा देतात ते दोन तऱ्हांनी. पॅड अति तापून घासायचे सोडतात, किंवा ब्रेक ऑइल उकळतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं. डॉट 3 नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर 140 ला उकळलं तरी ते मानकात बसतं. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पाय फळीपर्यंत खाली जातो. म्हणून लाल कॅलिपरांऐवजी ठरलं ते डॉट 4 ब्रेक ऑइल पूर्ण बदलून, दर दोन वर्षांनी पुन्हा, आणि थोड्या वरच्या प्रतीचे पॅड. शर्यतीचे पॅड नाहीत, ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि रस्त्यावरचा पहिला ब्रेक नेहमी थंडच असतो. आणि हवं तर, मी म्हटलं, आहे त्याच कॅलिपरला उष्णता सोसणारा लाल रंग दे. यावर तो दोन दिवस बोलला नाही, मग रंगाचा डबा घेऊन आला.

राहिले स्प्रिंग, ज्यावरून सगळं सुरू झालं. गाडी खाली केल्यानं वजनाचा मध्य खाली येतो, वळणावर झुकणं कमी होतं, हे खरं आहे. पण जीटी 86 चा वजनमध्य मुळातच जमिनीपासून 46 सेंटिमीटरच्या आसपास, आणखी किती ओढायचा? 40 मिलिमीटर खाली केली की स्प्रिंगला दबायला उरलेली जागा तेवढी घटते, म्हणून स्प्रिंग कडक करावा लागतो. तो कडक स्प्रिंग आवरणं जुन्या शॉकअपच्या आवाक्याबाहेर जातं, कारण तो दुसऱ्या स्प्रिंगसाठी जन्मलेला असतो. गतिरोधकावरून गेल्यावर गाडी एकदा बसण्याऐवजी तीनदा हलते, आणि हलतानाच्या त्या क्षणी पोस्टकार्डावरचं वजन कमी-जास्त होत राहतं. चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेनं झिजतो, टो बिघडतो. मग अलाइनमेंट आली, मागच्या बाजूला बदलता येणारे आर्म आले. स्प्रिंगची किंमत म्हणजे नुसती स्प्रिंगची किंमत नव्हे. यापेक्षा वाईट म्हणजे मूळ स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली करणं. हे आपल्याकडेही होतं. चाक हवेत लोंबलं की कापलेला स्प्रिंग जागेवरून सरकू शकतो. ज्यांची मुलं इकडे जुन्या गाड्यांवर असे प्रयोग करताहेत त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 एकदा वाचावं. मूळ तपशील बदलेल असा फेरफार करायला ते आडवं येतं. तिकडेही परवानगीशिवाय सांगाड्याला हात लावता येत नाही.

मी त्याला म्हटलं, टायर, पॅड, ऑइल, चाकं आणि अलाइनमेंट एवढं कर, सहा महिने चालव. मग तुला स्वतःला सांगता येईल, गाडी वळणावर खरंच जास्त झुकते की नुसती फोटोत उंच दिसते. हे त्यानं मानलं. अल कूजमध्ये एका मल्याळी फिटरनं काम केलं. नट टॉर्क रेंचनं आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला बोलावलं, यावरून मला तो माणूस आवडला. आठातले दीड हजार दिरहम उरले.

आपाला मी हिशेब सांगितला तेव्हा तिनं इसराफचा विषय काढला, अपेक्षेप्रमाणे. मी म्हटलं, टायरवरचा खर्च मी त्यात धरणार नाही, चाकांचं तुम्ही मायलेक बघा. “आणि ते खाली करायचं?” सध्या नाही, म्हटलं. मार्चमध्ये ती त्याच्याकडे जाऊन आली. सांगत होती, खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं त्या गाडीत, उठताना पोराचा हात धरावा लागतो. टायरचे आकडे मात्र तिनं पार्किंगमध्ये वाकून स्वतः वाचले. कुणी शिकवलं, हे मी विचारलं नाही.

परवा भाच्याचा मेसेज आला. “मामू, 20 मिलिमीटरवाले स्प्रिंग, जोडीला त्यांच्याच मापाचे शॉकअप. मग तर चालेल?” मी उलट विचारलंय, मागचा कॅम्बर आत्ता किती आहे तो मोजून पाठव.